दाभणताईंची चाळीस पुस्तकं

रोजच्या वहीत मी सहसा आठ-दहा ओळींच्या पुढे जात नाही. सकाळची प्रार्थना झाली की कालचा दिवस लिहायचा, कोण आलं, कोण आजारी आहे, कशाबद्दल देवाचे आभार मानायचे ते, आणि वही मिटून स्वयंपाकाला लागायचं. पण आमच्या नणंदबाई आठ-दहा ओळींत बसणाऱ्या नाहीत. आज भाजी उशिरा चिरली तरी चालेल.

ताई म्हणजे ह्यांची थोरली बहीण. घरात ताई, बाहेर दाभणताई. दाभण ही पुस्तकं शिवायची जाड सुई. ती कायम त्यांच्या कॉलरला खोचलेली असायची, आणि वाचनालयातले लोक म्हणायचे की दुसरी तोंडात आहे. ताईंना हे माहीत होतं. बोथट म्हणवून घेण्यापेक्षा हे बरं, असं त्या म्हणायच्या. लग्नाचं कुणी विचारलं तर, ‘जमलं नाही असं नाही, मी जमू दिलं नाही,’ एवढं उत्तर. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्या जुन्या वाचनालयात बाइंडर म्हणून लागल्या आणि सदतीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झाल्या.

ते वाचनालय म्हणजे आमच्या शहरातली सगळ्यात देखणी इमारत. काळ्या दगडाची, शंभर वर्षांच्या वरची. आत उंच दिवाणखान्यासारखी वाचनाची खोली, तिला तीन बाजूंनी लाकडी सज्जा, सज्ज्यावर चढायला लोखंडी गोल जिना. माणसांच्या चालण्याने फरशीला मध्येच खोलगट वाट पडली होती. समोर बारा पायऱ्या आणि दोन माणसांना एकदम ढकलावा लागेल असा दरवाजा. मात्र ताई त्या दरवाजाने कधी गेल्या नाहीत. बाइंडरची खोली जिन्याखाली, अर्धी जमिनीत, आणि तिचं दार मागच्या गल्लीत. खोलीला एकच खिडकी, ती रस्त्याच्या पातळीला. तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. ताई वाचकांना चपला-बुटांवरून ओळखायच्या. एकदा बाजारात एका गृहस्थांनी नमस्कार केला तर ताईंनी आधी खाली बघितलं आणि मग म्हणाल्या, अच्छा, तुम्ही होय.

त्या खोलीत एक मोठं टेबल, पुस्तकं दाबून धरायचा लाकडी शिकंजा, पुठ्ठे कापायची सुरी, दोऱ्याची रिळं आणि खळीचं पातेलं. खळ घरचीच, पिठाची, मंद आचेवर ढवळून केलेली. त्यात कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्या आठवड्यात ताईंनी मला शिकवलेला पदार्थ म्हणजे ही खळ. गुठळी झाली तर पुन्हा करायला लावली. ह्यांच्या आवडीनिवडी नंतर सांगितल्या.

आता ज्या गोष्टीमुळे ताईंचं नाव झालं ती सांगते. पुस्तकाची पाठ फाटली की ती कापडाने बांधायची, आणि कापड वाचनालयाकडून वर्षातून एकदा मिळायचं. ते सहा महिन्यांतच संपायचं. मग फाटकी पुस्तकं सुतळीने बांधून ताटकळत पडायची. ताईंना ते बघवेना. त्यांनी स्वतःच एक नियम काढला: ज्याच्या हातून पुस्तक फाटलं त्याने घरून कापड आणायचं, दीड वीत लांब, चार बोटं रुंद, जुनं चालेल पण धुतलेलं हवं. ग्रंथपाल म्हणाले, हे काय भलतंच, लोक तक्रार करतील. ताई म्हणाल्या, करू देत, पण तक्रार करायला येताना कापड घेऊन या म्हणावं.

तक्रार कुणी केली नाही. एका वकीलसाहेबांनी तर कोटाचं अस्तर आणून दिलं, तेही इस्त्री करून. कुणी मुलीचा फ्रॉक, कुणी पडदा, कुणी उशीचा अभ्रा. एकाने छत्रीचं कापड दिलं. त्या पुस्तकाला पावसात नेलं तरी हरकत नाही, असं ताई म्हणायच्या. शेवटच्या कोऱ्या पानावर त्या पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहून ठेवायच्या: शिंपीकाकांच्या धाकटीचा फ्रॉक, निळा. दवाखान्यातल्या आयाबाईंचा पडदा. कुणाचं कापड आपण फुकट घेतलं असं व्हायला नको, एवढाच त्यामागचा हिशोबीपणा. सदतीस वर्षांत शहरातल्या निम्म्या घरांचं कापड असं त्या कपाटांत जाऊन बसलं.

ताई निवृत्त झाल्या, आणि दोनच वर्षांत वाचनालय नव्या इमारतीत गेलं. नवीन पुस्तकं गेली, चांगल्या बांधणीची जुनी गेली. ताईंची ठिगळवाली मात्र जिन्याखाली ढिगाने पडून राहिली. दरवाजाला कुलूप लागलं. त्या रस्त्याने जायची वेळ आली तर ताई पलीकडच्या बाजूने जायच्या. मी देवाजवळ अनेक गोष्टी मागते, पण इमारतीसाठी प्रार्थना करावी की नाही हे मला कळेना. शेवटी केली. आपल्याला काय, मागायचं काम.

नऊ वर्षांनी कुलूप निघालं. नगरपालिकेने तिथे कलासंग्रहालय करायचं ठरवलं, तेही इथल्याच लोकांच्या हातच्या कामाचं. सुतारांची कामं, रंगाऱ्यांनी काढलेल्या जुन्या दुकानांच्या पाट्या, बायकांच्या गोधड्या, शाळेतल्या मुलांची चित्रं. सगळं बघायला एक तरुण बाई नेमल्या. मोठ्या गोल चष्म्याच्या, बोलायला मऊ. ताईंनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव चष्मेवाली ठेवलं.

या चष्मेवालीला जिन्याखालचा ढीग सापडला. ती दोन दिवस तिथेच बसून होती म्हणे. तिसऱ्या दिवशी चाळीस पुस्तकं खोक्यांत भरून ती आमच्या दारात. म्हणाली, ‘ताई, संग्रहालयाच्या मधल्या टेबलावर ही ठेवायची आहेत. तुमचं काम म्हणून. उघडायला सहा आठवडे आहेत. तोवर जरा बघून ठेवाल का, काही सुटलं-निघालं असेल तर?’

ताई नुसत्या ‘ठेवा तिथे’ म्हणाल्या. पण ती गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘ऐकलंस ना? मधलं टेबल.’ इतक्या वर्षांत मी ताईंना उभ्या उभ्या चहा पिताना पहिल्यांदा बघितलं.

त्या दिवसापासून आमची बाहेरची खोली म्हणजे बाइंडिंगचा कारखाना झाली. ताईंचा बेत पक्का होता. पाहुण्यांसमोर फाटकं-तुटकं कोण मांडतं? अडचणीच्या दिवसांत हाताला लागेल ते कापड लावलं, तेव्हा लावलं. आता लोक बघायला येणार, तर दाभणताईंचा हात काय आहे ते दिसायला हवं. ह्यांना पाठवून त्यांनी गडद तांबडं चांगलं कापड मागवलं. एकेक पुस्तक उसवलं, फर्मे, म्हणजे पानांच्या घड्या, सुटे केले, नव्या दोऱ्याने शिवले, पाठ हातोडीने गोल ठोकली, नवीन पुठ्ठे, नवीन कोरी पानं. मी खळ ढवळत होते. ताईंचे हात त्या वयातही असे चालत होते की बघत राहावं. चार आठवड्यांत अकरा पुस्तकं झाली. इतकं सुबक काम त्यांनी नोकरीत असतानाही केलं नव्हतं. तेव्हा वेळच कुठे होता.

उसवलेल्या पाठींची जुनी कापडं त्या माझ्याकडे टाकत होत्या, स्वयंपाकघरात पुसायला होतील म्हणून. खळीने कडक झालेली ती फडकी मी सोड्याच्या पाण्यात खळखळून उकळली. मला वाटलं, मी स्वच्छतेचं काम करते आहे.

पाचव्या आठवड्यात चष्मेवाली आली. ताईंनी अकरा पुस्तकं रांगेत मांडून ठेवली होती, पाठी पुढे करून. चष्मेवाली बघत राहिली. आधी मला वाटलं कौतुकाने. मग तिने एक पुस्तक उचललं, शेवटचं पान उघडलं, ते कोरं. दुसरं उघडलं. तेही कोरं. ती तशीच खुर्चीवर बसली.

‘ताई, कापडं कुठे गेली?’

‘काढली,’ ताई म्हणाल्या. ‘किती विटली होती.’

तिने चष्मा काढून पुसला. मग सावकाश सांगितलं, की ती पुस्तकं तिने निवडली होती ती त्या कापडांसाठीच. ही अकरा आता कुठल्याही दुकानातल्या पुस्तकांसारखी दिसतात, ती टेबलावर ठेवता येणार नाहीत. उरलेली एकोणतीस ठेवू.

ताईंचा चेहरा मी बघितला आणि मला वाटलं, आपण आत जावं. पण गेले नाही.

ताई म्हणाल्या, ‘आमच्याकडे कापड नव्हतं म्हणून आम्ही ठिगळं लावली. ते तुम्ही लोकांना दाखवणार. आणि मला जे येतं, ते दाखवणार नाही.’

‘तसं नाही हो, ताई.’

‘मग कसं? चाळीस आणली होती, चाळीस ठेवा. नाहीतर एकही नको. माझी गरिबी मांडायला मी माझी पुस्तकं देणार नाही.’

चष्मेवाली बोलायला गेली, पण ताईंनी खळीचं पातेलं उचललं आणि त्या मोरीत घासायला बसल्या. पातेलं घासायला बसल्या म्हणजे ताईंचं बोलणं संपलं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. चष्मेवालीला मी ते सांगितलं. ती दारात थांबून मला म्हणाली, ‘मला नीट सांगता आलं नाही, वहिनी.’ खरं सांगायचं तर माझं मन ताईंच्या बाजूने होतं. खळ मीही ढवळली होती.

पुढचे चार-पाच दिवस चाळीसच्या चाळीस पुस्तकं आमच्या पलंगावर, आणि आम्ही जमिनीवर. हे म्हणाले, ताई, निदान आमच्या पाठीचा तरी विचार कर. ताई हसल्या नाहीत. त्या दिवसांत त्यांनी कुणाशी भांडणही काढलं नाही, म्हणून मला जास्त काळजी. मी रोज प्रार्थनेला बसले की मागायचे, देवा, दोघींपैकी एकीला तरी शहाणपण दे, कुणाला ते तूच ठरव.

शनिवारी सकाळी वाचनालयाचे एक जुने वाचक, बसड्रायव्हर, आले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, गुडघे दुखतात, आमचे तीन जिने चढून आले. सोबत नात होती, कॉलेजात जाणारी. त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं की ती जुनी पुस्तकं ताईंकडे आली आहेत. म्हणाले, ‘ग्रहताऱ्यांचं पुस्तक आहे का हो त्यात? माझ्या पहिल्या युनिफॉर्मची बाही दिली होती मी. हिला दाखवायचंय. पहिला युनिफॉर्म, शिवून घेतला तेव्हा आई दिवसभर त्याला बटणं लावत बसली होती.’

ग्रहताऱ्यांचं पुस्तक त्या अकरांतलं होतं.

ताईंनी ते उचलून त्यांच्या हातात दिलं. तांबडं, ताठ, चकचकीत. ड्रायव्हरांनी ते उलटसुलट फिरवलं. पाठीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, ‘वा. फारच छान झालंय, बाई. अगदी नवं.’ नातीला म्हणाले, बघ, किती सुंदर केलंय. मी चहा टाकते म्हटलं तर घाई आहे म्हणाले, आणि पुस्तक दोन्ही हातांनी नीट ठेवून निघून गेले. त्यांना काही घाई नव्हती. जिन्यावरून त्यांचे पाय हळूहळू उतरताना बराच वेळ ऐकू येत होते.

ताईंनी कुणाचं वाईट बोलणं कधी मनावर घेतलं नाही. पण हे चांगलं बोलणं त्यांना लागलं. बऱ्याच वेळाने त्या स्वयंपाकघरात आल्या.

‘ती फडकी कुठे आहेत गं?’

मी दोरीवरची दाखवली. सगळी एकाच रंगाची झाली होती, म्हणजे कुठल्याच रंगाची नाही. खाकी कुठली, निळं कुठलं, देवालाही सांगता आलं नसतं. मी म्हटलं, ताई, मी उकळली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. ताईंनी एक फडकं हातात घेतलं, ताणून बघितलं, आणि पहिल्यांदा त्या आठवड्यात हसल्या. म्हणाल्या, ‘मी उसवलं आणि तू उकळलंस. दोघींनी मिळून काम तमाम केलं.’

मग त्या पाटावर बसल्या आणि बोटांवर मोजू लागल्या. शेवटची पानं गेली होती तरी ताईंच्या डोक्यात होती. ग्रहतारे म्हणजे बसड्रायव्हर. बागकामाचं म्हणजे शिंपीकाका. प्रवासवर्णनाचं म्हणजे आयाबाई. गणिताचं, ते घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींचं. असं करत दहा झाली. अकरावं, पक्ष्यांचं जाड पुस्तक होतं, ते काही केल्या आठवेना.

‘चल, पिशवी घे,’ त्या म्हणाल्या.

जन्मभर ताईंनी लोकांना हुकूम सोडला होता, कापड आणा. आता त्या दारोदार जाऊन कापड मागणार होत्या. पहिल्या घरी, ड्रायव्हरांकडेच, बेल वाजवून ताई तीन पावलं मागे सरकल्या. मला वाटलं, परत फिरतात की काय. दार उघडल्यावर त्या सरळ म्हणाल्या, ‘माझी चूक झाली. तुमची बाही मी काढून टाकली. ती आता मिळणार नाही. दुसरं काही देता का?’

ड्रायव्हर आत गेले, आणि शेवटच्या युनिफॉर्मचा सदरा घेऊन आले. कात्री नातीच्या हातात दिली आणि म्हणाले, तूच काप.

पाच दिवसांत आम्ही दहा घरं फिरलो. शिंपीकाका देवाघरी गेलेत. त्यांची धाकटी, जिचा तो निळा फ्रॉक होता, आता स्वतः शिवणक्लास चालवते. तिने ताईंना विचारलं, केवढं हवं? ताई म्हणाल्या, दीड वीत लांब, चार बोटं रुंद. ती म्हणाली, हे मला लहानपणापासून पाठ आहे हो, आमच्या घरी कुणी पुस्तक फाडलं की बाबा हेच म्हणून कान धरायचे. घड्याळजींनी रुमाल दिला आणि वर ताईंना अर्धा तास ऐकवलं, की उसवलंच कशाला. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, ‘माणूस बरोबर बोलत होता, पण फार बोलत होता.’ आयाबाईंना आता नीट आठवत नाही. पण कापड म्हटल्यावर त्यांनी अंगावरच्या शालीचा कोपरा पुढे केला. सुनेने समजावून दुसरं दिलं.

घरी आल्यावर ताईंनी आतली शिलाई तशीच ठेवली, ती पक्की होती. फक्त तांबड्या पाठी सोडवल्या आणि त्या जागी ही कापडं बसवली. शेवटच्या पानावर पुन्हा पेन्सिलीने लिहिलं. आधीचं काय होतं ते वर, आताचं काय ते खाली. मी खळ केली. एक गुठळी झाली तर कुणी न सांगता पुन्हा केली.

चष्मेवालीला मीच बोलावणं पाठवलं. ती आली, एकेक पुस्तक बघितलं, शेवटच्या पानावरच्या दोन-दोन ओळी वाचल्या. मग म्हणाली, ‘ताई, हे काचेत ठेवू?’

‘पुस्तक आहे ते,’ ताई म्हणाल्या. ‘काचेत काय करेल?’

ते तिने लगेच मानलं. पण अकरावं पुस्तक अजून तांबडंच होतं, आणि ताईंनी ते तिच्यासमोर सरकवलं. म्हणाल्या, याचं कापड कुणाचं ते मला आठवत नाही. खोटं नाव घालायचं नाही. म्हणून हे असंच राहील. ही शिलाई माझी, ही पाठ माझी, कापड मी मागवलेलं. टेबलावर चाळीस राहतील, आणि हे चाळिसावं माझं.

चष्मेवालीने ते हातात घेतलं, उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मऊ बोलणारी बाई ती, पण यावेळी तिला शब्द शोधावे लागले नाहीत. म्हणाली, ‘त्या दिवशी मी हे नीट बघितलंच नव्हतं. चूक माझीही झाली.’

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी ताईंनी साधे, पण इस्त्रीचे कपडे घातले. मागच्या गल्लीकडे पाय वळले त्यांचे, सवयीने. ह्यांनी हात धरला आणि म्हणाले, ताई, इकडून. बारा पायऱ्या आम्ही तिघं चढलो. त्या मोठ्या दरवाजातून आत पाऊल टाकताना मी मनात देवाचं नाव घेतलं. ताईंनी काय केलं माहीत नाही. त्या वर सज्ज्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, केवढं उंच आहे गं हे.

कपाटांच्या जागी आता चित्रं होती, गोधड्या होत्या, सुतारांचे नक्षीचे खांब होते. आणि मधोमध जुनं वाचनाचं टेबल, त्यावर ताईंची पुस्तकं. शेजारच्या पाटीवर ताईंचं पूर्ण नाव, खाली ‘बाइंडर’, आणि सदतीस वर्षं. ह्यांनी ती पाटी चार वेळा वाचली. पाचव्यांदा मोठ्याने वाचायला लागले तेव्हा मी कोपर मारलं.

लोक टेबलाभोवती गोळा झाले. आमचा पडदा, आमच्या मामाचा सदरा, हे बघ, हे बघ. ड्रायव्हरांच्या नातीने तर मैत्रिणींची रांगच लावली. ताई खुर्चीवर बसून होत्या, पान ओढू नका, वळवा, एवढंच अधूनमधून म्हणत. पक्ष्यांच्या तांबड्या पुस्तकाकडे कुणी फिरकलं नाही. त्यात ओळखायचं काही नव्हतंच. मला जरा वाईट वाटलं. ताईंना वाटलं असेल तरी दिसलं नाही.

गर्दी पांगल्यावर एक म्हातारे गृहस्थ आले. बोटं शाईने कायमची काळी पडलेली, म्हणजे जन्म छापखान्यात गेलेला. सगळी रंगीत पुस्तकं त्यांनी नुसती बघितली आणि तांबडं उचललं. ते वाचायला उघडलं नाही. पाठ आणि पुठ्ठा यांच्यामधल्या खाचेतून अंगठा वरपासून खालपर्यंत फिरवला. मग पुस्तक टेबलावर सोडलं, तर ते बरोबर मधोमध उघडून सपाट पडलं आणि तसंच राहिलं. गृहस्थांनी पसंतीने मान हलवली.

‘खळ घरची?’ त्यांनी विचारलं.

‘घरची,’ ताई म्हणाल्या. ‘आमच्या वहिनींनी ढवळलेली.’

त्यांनी ताईंना नमस्कार केला, मलाही केला, आणि पुढच्या खोलीत गोधड्या बघायला गेले. ताई उठल्या, पुस्तक मिटून जागेवर ठेवलं, आणि पुन्हा खुर्चीवर येऊन पाठ ताठ करून बसल्या. संध्याकाळी दरवाजा बंद करायची वेळ झाली तरी त्या उठायला तयार नव्हत्या.